तिकडे कुठे सेन्सॉर असतो?

एखाद्या सिनेमाला कात्री लागली की भारतातल्या चर्चेत हे वाक्य हमखास येतं. पुरावा म्हणून १९३० ते ३४ मधले हॉलिवूडचे धीट बोलपट पुढे केले जातात.

ओहायोत राहणाऱ्याने यावर काय बोलावं? सिनेमा हा निव्वळ धंदा, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य लागू नाही, हा १९१५चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच राज्याच्या सेन्सॉर मंडळाच्या बाजूने लागला आणि १९५२ पर्यंत टिकला. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कॅन्सस यांची मंडळं वेगळी, प्रत्येकाची कात्री वेगळी. आपल्याकडे १९१८च्या कायद्याने निदान एका मंडळाचा दाखला सगळीकडे चालायचा, एखाद्या प्रांताने हरकत घेतली नाही तर.

शिवाय सुरुवातीच्या अनेक बोलपटांचा आवाज फिल्मवर नसून १६ इंची तबकडीवर असायचा. हजार फुटांचं रीळ मिनिटाला ९० फुटांनी अकरा मिनिटं चाले, तबकडीही तेवढीच. सेन्सॉरने सहा फूट कापले की चित्र चार सेकंद पुढे पळायचं आणि रीळ संपेपर्यंत नायिकेच्या ओठांवर नायकाचा आवाज! म्हणून मोजून ९६ काळ्या चौकटी जोडाव्या लागत. तरी चावट वाक्य तबकडीवर शिल्लकच. ऑपरेटरने आवाज वेळेवर उतरवला नाही तर अंधारात ते अधिकच ठसठशीत ऐकू येणार.

हॉलिवूडने स्वतःसाठी केलेली १९३०ची आचारसंहिता पहिली चार वर्षं कागदावरच होती. १९३४त ती राबवायला जोसेफ ब्रीन आले, त्यांच्या कार्यालयाच्या परवान्याविना प्रदर्शनाला २५,००० डॉलर दंड ठरला, तोही उद्योगाने स्वतःच. जुने सिनेमे पुन्हा लावायचे तर कापून. ‘लव्ह मी टुनाइट’चा (१९३२) तेव्हा कापलेला भाग आजवर सापडलेला नाही.

‘बेबी फेस’ (१९३३) तर त्याआधीच न्यूयॉर्कच्या मंडळाने अडवला. पुरुषांना वापरून घे, हा चांभाराचा सल्ला बदलून नायिकेला सन्मार्गाचा उपदेश डब केला. अस्सल प्रत २००४ला सापडली, ती इथल्याच डेटनच्या, जुन्या नायट्रेट फिल्म जपणाऱ्या कोठारात.

हे सगळं तावातावाने लिहिताना ‘आमच्या ओहायोने’ असं दोनदा लिहून खोडलं. वर ‘आपल्याकडे’ मात्र न खोडता राहिलंय.