जेवताना पाणी प्यायल्याने अन्न कुजत नाही : एक खुलासा
‘जेवताना पाणी प्यायल्यास जठरातील आम्ल पातळ होते आणि अन्न न पचता कुजते’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. जठरातले आम्ल ठरावीक मापाचे नसते. अन्नाच्या वासानेही मेंदूला जठराशी जोडणाऱ्या व्हेगस चेतातंतूमार्फत आम्लस्राव सुरू होतो. जठराची भिंत ताणली गेली आणि प्रथिने पोहोचली की गॅस्ट्रिन हे संप्रेरक तो वाढवते, तर आम्लता फार वाढल्यास सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे संप्रेरक त्याला आवर घालते. त्यामुळे पाण्याने आम्लता थोडी उतरली, तरी ती लवकरच सावरते. शिवाय साधे पाणी घन अन्नाच्या कितीतरी आधी पुढे सरकते; घन अन्न मात्र स्नायूंच्या आकुंचनाने घुसळले जाऊन एक-दोन मिलिमीटरच्या कणांइतके बारीक झाल्यावरच लहान आतड्यात उतरते. तेथे तर, बेलिस व स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये शोधलेले सिक्रेटिन हे संप्रेरक स्वादुपिंडाकडून बायकार्बोनेट सोडवून घेते आणि शरीर स्वतःच ते आम्ल निष्प्रभ करते. या संदेशाच्या भीतीने घरातील वृद्धांना जेवताना घोटभर पाणीही नाकारले जाते, ही बाब अधिक गंभीर आहे, कारण लाळ कमी झालेल्या तोंडाने कोरडी भाकरी गिळणे त्यांना खरोखरच अवघड जाते.