खिडकी उघडी ठेवा, मग शिस्तीचं बोलू

माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच भांडण चाललंय, आणि त्यात दर चार मेसेजांमागे लंडनला साक्षीला बोलावलं जातंय. लंडनमध्ये राहणारी त्या ग्रुपवर मी एकटीच, त्यामुळे बोलणं मलाच भाग आहे.

झालं ते असं. मुंबईचं एक गाजलेलं नाटक इंदुरात आलं. तिथल्या सानंद ह्या संस्थेच्या सभासदांसाठी पाच गटांचे पाच प्रयोग होतात, त्यातलं हे नव्हे. एका दुसऱ्याच आयोजकाने तिकीट लावून केलेला एकुलता एक प्रयोग. आगाऊ तिकिटं केव्हाच संपली होती, पण उरलीसुरली त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता दारावर मिळतील असं आयोजकांनी जाहीर केलं होतं. साडेतीनपासून लोक उन्हात उभे. माझा भाऊ आणि वहिनीही. पाचाला खिडकी उघडली, वीसेक तिकिटं गेली आणि ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लागला. तेवढ्यात बाजूच्या दारातून इस्त्रीचे कुडते आणि पैठण्या आत जाताना लाइनीतल्यांनी पाहिल्या. आत गेलेल्या कुणीतरी बाहेर फोन करून सांगितलं की पहिल्या तीन ओळी मान्यवरांसाठी राखलेल्या आहेत आणि अर्ध्या रिकाम्या आहेत. मग व्हायचं तेच झालं. रेटारेटी, दारवानाची कॉलर, आणि हे सगळं कुणाच्या तरी मोबाइलवर.

व्हिडिओ ग्रुपवर आला तशी मावशी म्हणाली, “आपल्या लोकांना लाइन लावताच येत नाही. तिकडे लंडनला बघा, राणीच्या दर्शनाला लोक रात्र रात्र उभे होते, कुणी कुणाला धक्का मारला नाही.” भाच्याने लिहिलं, “आत्या, खिडकी हवीच कशाला? सगळं ऑनलाइन करा, विषय संपला.” आणि चुलतभावाने, जो कुठल्याही भांडणात शेवटी येतो, एकच ओळ टाकली: “मला आधी सांगितलं असतं तर एक फोन केला असता.”

तिन्ही वाक्यांनी माझं डोकं फिरलं. मावशीच्या वाक्याने जरा जास्तच, कारण त्यात माझं कौतुक केल्याचा आव होता.

राणीच्या रांगेपासूनच सुरू करते. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेली तेव्हा तिच्या अंत्यदर्शनासाठी थेम्सच्या काठाने मैलोन् मैल लागलेली ती रांग खरी होती. मनगटाला रंगीत पट्टी, हातात थर्मास, आणि रांगेचं शेपूट आत्ता कुठे आहे ते यूट्यूबवर थेट दिसायचं. डेव्हिड बेकहॅम बारा तासांच्या वर उभा राहिला आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं. पण त्याच दिवसांत खासदारांना चार पाहुणे घेऊन रांग न लावता आत जायची मुभा होती, हे मावशीच्या टीव्हीवर दाखवलेलं दिसत नाही. टीव्हीवरच्या दोन लोकप्रिय निवेदकांवर रांग मोडल्याचा आरोप झाला तो मात्र इथे महिनाभर चघळला गेला. खासदारांचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मान्यवर इथेही असतात, मावशी. त्यांचं दार फक्त जरा लांब असतं, लाइनीतल्यांना दिसत नाही.

आता शिस्तीचं. ज्या शहराने ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करून गाडीचं गाणं वाजलं की दारात उभं राहायची सवय लावून घेतली, जे शहर २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, त्या शहराला म्हणे लाइन लावता येत नाही! इंदूरकर शिस्त पाळतात, कारण गाडी रोज येते. एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी फक्त नगरसेवकाच्या दारातून गेली, की बघा मग गल्लीत काय दिसतं ते. दीड तास लोक उन्हात नीट उभे होतेच की. बिघडलं ते बाजूचं दार उघडल्यावर.

इथे मी नाटकाच्या रांगेत पुष्कळ उभी राहते. नवऱ्याला नाटकाचं वेड नाही, मुलगा युनिव्हर्सिटीत. शनिवारी दुपारी हॅरोहून निघायचं, वॉटर्लूला उतरायचं, पुलाच्या कोपऱ्यावर सँडविच घ्यायचं आणि साउथ बँकवरच्या थिएटरपाशी परत आलेल्या तिकिटांसाठी उभं राहायचं. ज्यांना जमत नाही ते आपली तिकिटं परत करतात, ती खिडकीवर त्याच किमतीला विकली जातात. मिळतीलच असं नाही. पण मिळाली तर रांगेच्याच क्रमाने, एवढी खात्री असते. त्या खात्रीमुळे लोक शांत असतात. त्यात इंग्रजी रक्ताचा काही संबंध नाही. माझ्या मागेपुढे पोलिश, नायजेरियन, तमिळ सगळे असतात आणि सगळेच तितकेच शहाणे.

मागच्या महिन्यात माझ्या पुढच्या माणसाने पाठपिशवी जमिनीवर ठेवली, माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि कॉफी आणायला गेला. रांग दोन पावलं सरकली तशी मी ती पिशवी पायाने हळूच पुढे ढकलली. आणखी दोन पावलं, आणखी एकदा. तो आला, पिशवी उचलली, थँक्यू म्हणाला. रवींद्र नाट्यगृहात खुर्चीवर रुमाल टाकून काकूला शोधायला जाणाऱ्या बाईला आम्ही अडाणी म्हणायचो. तिचा रुमाल आणि ह्याची पिशवी ह्यांत मला तरी फरक दिसेना. शेजारी कबूल झाला की जागा राहते.

लंडनला फार साधुसंत समजू नये म्हणून एक सांगते. रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडला. तो बांधायला ज्यांनी पैसे दिले त्यांना खुर्च्याच मालकीच्या मिळाल्या, ९९९ वर्षांच्या कराराने. आजही सव्वापाच हजारांतल्या बाराशेहून जास्त खुर्च्या अशा खाजगी मालकीच्या आहेत. वारशाने जातात, विकल्या जातात, आणि काही मालक आपली तिकिटं चढ्या भावाने बाजारात काढतात म्हणून वर्षानुवर्षं ओरड चालू आहे. मान्यवरांच्या तीन ओळी ह्यापुढे किरकोळ वाटतात. पण त्याच हॉलमध्ये उन्हाळ्यात प्रॉम्स ह्या संगीत महोत्सवाच्या मैफली हजारएक लोक थोडक्या पैशांत (२०२५ मध्ये आठ पौंडांत) उभ्याने ऐकतात, आणि त्या उभ्याच्या जागेपैकी बरीचशी मंचाच्या अगदी समोर, मालकांच्या खुर्च्यांच्याही पुढे. ही तिकिटं त्याच दिवशी सकाळी विकायला काढतात. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरातही उभ्याची जागा आहे. १९९७ मध्ये ते पुन्हा उभारलेलं थिएटर उघडलं तेव्हापासून सातशे लोक अंगणात उभ्याने नाटक बघू शकतात, आणि तेही स्वस्तात. पाऊस आला तर भिजायचं, छत्री उघडायची नाही. श्रीमंतांच्या खुर्च्या राहू द्या की खुशाल. पण प्रॉम्सला आयत्या वेळी येणाऱ्याच्या वाट्याचं आधीच मोजून बाजूला ठेवलेलं असतं, आणि ते किती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंदूरच्या त्या खिडकीवर वीस तिकिटं आहेत की दोनशे, हे साडेतीनला कुणी एका पाटीवर लिहिलं असतं तर एकविसावा माणूस घरी जाऊन चहा पीत बसला असता.

भाच्याला वेगळं उत्तर. सगळं ऑनलाइन करा म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ चा तो रविवार आठवावा. कोल्डप्लेच्या मुंबईच्या तिकिटांसाठी लाखांतला नंबर लागला म्हणून हाच पठ्ठ्या रडकुंडीला आला होता. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची ती तिकिटं दुसऱ्याच दिवशी लाखाच्या भावात फिरत होती. त्याच वर्षी डिसेंबरात दिलजीत दोसांझ इंदुरात गायला, तीही तिकिटं ऑनलाइनच विकली होती, आणि काळाबाजार इतका गाजला की त्याला मंचावरून त्यावर बोलावं लागलं. इथे ओअ‍ॅसिस ह्या बँडच्या वेळी तर विकणाऱ्यांनीच रांगेत उभं केलं आणि नंबर येईपर्यंत दीडशे पौंडांचं तिकीट साडेतीनशेच्या वर नेलं. छापील किमतीच्या वर तिकीट विकायला बंदी घालू, असं ब्रिटिश सरकारने शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. फुटबॉलची तिकिटं काळ्या बाजारात विकणं इथे १९९४ पासून गुन्हा आहे. गाण्याचं आणि नाटकाचं सुचायला तीस वर्षं लागली.

ऑनलाइन रांगेत पुढचा माणूस दिसत नाही. दिसत नाही म्हणजे तो माणूसच आहे की यंत्र, हेही कळत नाही. खिडकीपाशी निदान उन्हात कोण किती वेळ उभं आहे ते सगळ्यांसमोर असतं. मावशी यूपीआयने भाजी घेते, भाच्याची अडाणी म्हातारी वगैरे नाही ती, पण सकाळी दहाच्या ठोक्याला बटण दाबायच्या शर्यतीत तिने का पळायचं? तिच्यापाशी वेळ आहे. रांगेत पैसा आणि चपळाई नसलेल्या माणसाला तेवढंच तर खर्च करता येतं.

राहिला चुलतभाऊ आणि त्याचा एक फोन. इथे माझी पंचाईत आहे, कारण मी वाढले ती त्या फोनवरच.

रामबागेतल्या आमच्या घरात नाटक म्हणजे वरात असायची. आई, बाबा, आजी, आम्ही भावंडं, मावशी, आणि शेजारच्या काकू, ज्यांना न विचारता निघालो असतो तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. बाबांचे एक स्नेही आयोजकांत होते. आमची तिकिटं पाकिटात घालून वर बाबांचं आडनाव लिहून ठेवलेली असायची. खिडकीपुढे लाइन असायची, तिच्या बाजूने आम्ही जायचो, बाबा पाकीट घ्यायचे, स्नेह्यांना “मध्यंतरात भेटू” म्हणायचे. लाइनीतले लोक आमच्याकडे बघत असणारच. मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नाही. इंदुरात असेपर्यंत मी नाटकाच्या तिकिटाला रांग लावलेलीच नाही, आणि रांगेवर व्याख्यान झोडणारी ग्रुपवरची मीच.

आणि ह्या वरातीला परतीच्या तिकिटांची रांग चालणारच नाही. परत येतं ते बहुतेक एकेकटं तिकीट. एक मधलं, तिसऱ्या ओळीचं. एक पुढे, एक बाल्कनीत खांबाच्या मागे. साउथ बँकवर खिडकीतली मुलगी बाहेर येऊन विचारते, कुणी एकटं आहे का? पुढची जोडपी एकमेकांकडे बघतात, माना हलवतात आणि मी त्यांच्या देखत पुढे जाऊन पैसे भरते. कुणाला राग येत नाही; नियमच तो. चुलतभावाला एक फोन लागतो, मला तोही लागत नाही. सोबत कुणी नसलं की पुरतं. लंडनमध्ये हाउसफुल्ल नाटकं कशी काय बघतेस, असं इथल्या मैत्रिणी कौतुकाने विचारतात तेव्हा मी चिकाटी वगैरे सांगते.

मध्यंतरात मात्र फजिती होते. आइस्क्रीमचा डबा घेऊन उभं राहायचं, आणि पहिला अंक कसा वाटला हे कुणालाच सांगायचं नाही. शेजारची खुर्ची परत यायच्या आत प्रोग्रॅममध्ये डोकं घालायचं. आमच्याकडे नाटकापेक्षा मध्यंतर मोठं असायचं. आजी नटीच्या साडीला नावं ठेवायची, मावशी तिची बाजू घ्यायची, काकूंना कथानक पुन्हा समजावून द्यावं लागायचं, आणि तिसरी घंटा झाली तरी कुणाचा तरी बटाटेवडा संपलेला नसायचा. घरी परतेपर्यंत, नव्हे, दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांपर्यंत ते नाटक चालू. तिथे खांबामागचं सुटं तिकीट देऊन कुणाला पाठवणार? म्हणून तर सभासदत्वाची पद्धत इंदुरात इतकी रुजली असावी. खुर्ची ठरलेली, शेजारी ठरलेला, न आलं तर चौकशी ठरलेली.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. सभासद नाही, ओळख नाही, नुकतीच नोकरीला आलेली मुलगी भंवरकुवाला खोली घेऊन राहते आणि एखाद्या शनिवारी तिला मराठी नाटक बघावंसं वाटतं, तिच्यासाठी खिडकी हवी. किती तिकिटं आहेत त्याची पाटी हवी. दुसऱ्या घंटेपर्यंत मान्यवर आले नाहीत तर त्यांच्या खुर्च्या लाइनीतल्यांना क्रमाने द्याव्यात, आणि हे आधी जाहीर करावं. ह्यात लंडन कुठे आलं? मुंबई-पुण्याच्या नाटकवाल्यांना मध्य प्रदेशात बोलावून पाच-पाच प्रयोग भरवणाऱ्या शहराला एवढं जमू नये?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा कमी तिखट करून. भाच्याने अंगठा दाखवला. चुलतभावाने लिहिलं, “लंडनवाल्यांचं बरोबर आहे,” आणि त्यातला टोमणा मला पोचला. भावाने सांगितलं की त्या दिवशी त्याला शेवटी तिकीट मिळालंच नाही, पण लाइनीत शाळेतला मित्र भेटला, दोघं छप्पन दुकानला जाऊन खाऊन आले, वहिनीचीही त्याच्या बायकोशी गट्टी जमली.

मावशीने ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला वेगळा मेसेज आला: “डिसेंबरात येतेयस ना? तेव्हा एक नाटक आहे. देशपांडेंची सून त्या दिवशी बाहेरगावी आहे, तिच्या खुर्चीचं मी बोलून ठेवते. माझ्या शेजारचीच आहे.”

मी लगेच हो कळवलं. आणि वहिनीलाही जमतं का बघ, म्हटलं.