‘टुडे ओन्ली’ म्हटलं म्हणून पोरीला रडवायचं?

आज नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये निफाडकडच्या एका मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं. मुलाखतीचा सराव चालला होता. ती म्हणाली, “माय कझिन ब्रदर इज इन अंबड, आय कॅन जॉईन टुडे ओन्ली.” सर हसले, मग अख्खा वर्ग हसला. “हे गावठी इंग्लिश घेऊन सातपूरमध्ये कंपनीच्या गेटच्या आत कुणी घेणार नाही,” हेही ऐकवलं. पोरगी रडत जिना उतरली.

अहो सर, त्या ‘ओन्ली’त चुकलं काय? तो आपला ‘च’ आहे. आजच, इथेच, मीच. इंग्लंडचा माणूस जे काम आवाजावर जोर देऊन करतो, ते आपण शब्द जोडून करतो. आणि ‘कझिन ब्रदर’? चुलत, मामे, आते, मावस, शिवाय भाऊ की बहीण, अशी आठ नाती इंग्रजीने एकाच ‘कझिन’मध्ये कोंबली आहेत. तिने निदान भाऊ आहे एवढं तरी सांगितलं!

इंग्रज जिथे राज्य करून गेले तिथे तिथे हेच झालंय. दक्षिण आफ्रिकेत सिग्नलला ‘रोबॉट’ म्हणतात. नायजेरियात वाहतूक तुंबली की ‘गो-स्लो’, आणि परवाला ‘नेक्स्ट टुमॉरो’. परवासाठी साहेबाकडे आज सुटसुटीत शब्दच नाही! ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने २०२० मध्ये हा नायजेरियन शब्द घेतला. आपला ‘प्रीपोन’ही, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, त्या शब्दकोशात आहे. सिंगापूर सरकारने २००० साली चांगलं इंग्रजी बोला म्हणून मोहीम काढली, तरी तिथल्या लोकांच्या वाक्याच्या शेवटचं ‘ला’ काही सुटलं नाही. आणि ज्याला हसतात ते ‘डू द नीडफुल’, म्हणजे ‘आवश्यक ते करा’, साहेबाच्याच कचेरीतलं आहे. त्याने सोडलं, आपण जपलं.

बरं, परदेशी माणसाशी बोलताना काही शब्द दगा देतात, हे मान्य. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की अमेरिकन माणसाला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावं. ‘पास्ड आउट’ म्हणजे त्याच्या लेखी बेशुद्ध पडलात, म्हणून ‘ग्रॅज्युएटेड’. ‘रिव्हर्ट’च्या जागी ‘रिप्लाय’, दहा लाखांच्या जागी ‘वन मिलियन’. उच्चारात आपला ‘प’ कोरडा असतो, म्हणून आपलं ‘पिन’ त्यांना ‘बिन’ ऐकू येतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि ‘पिन’ म्हणायचं. पट्टी हलली पाहिजे. ‘स्पिन’ म्हणताना मात्र ती जवळजवळ स्थिर राहायला हवी. शब्दाच्या सुरुवातीच्या ट आणि क चंही तेच, थोडा श्वास सोडायचा. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर, ‘डेव्हलपमेंट’मध्ये ‘व्हे’वर (डि-व्हे-लप-मेंट). जोर चुकीच्या जागी पडला की ऐकणाऱ्याला अख्खा शब्दच ओळखू येत नाही, एखादा ‘ट’ जाड झाला तर तेवढं बिघडत नाही.

हे सगळं सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. ती पंधरा मिनिटं हसण्यात घालवली, याचा संताप आहे. फी घेता ना शिकवायची?

त्या पोरीची मुलाखत सोमवारी आहे, सातपूरलाच. समोरचा साहेब सिन्नरचा नाहीतर मालेगावचा असेल, आणि तोही ‘टुडे मॉर्निंग’च म्हणेल. तिचं बोलणं त्याला नीट समजेल. तिला फक्त कुणीतरी घाई न करता ऐकून घ्यायला हवं, मध्येच न टोकता. रविवारी सकाळी तासभर तिच्यासोबत सरावाला बसायला कुणाला जमणार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. कागदाची पट्टी सोबत ठेवा.