दुधाची तहान, ताकाची बदनामी

"लाडका जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन लांबलचक गोष्ट खेळायचा व्हिडिओ गेम) संपला की हात जोडून उठावं. त्याच जगात पुन्हा काढलेला गेम म्हणजे आपल्या आठवणींवर बसवलेला टोलनाका." हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता पुढचे मुद्देही पाठ झालेत. हे गेम निव्वळ पैशासाठी निघतात, मूळ मंडळी त्यात नसतात, चांगल्या शेवटाची माती करतात, खेळण्याचा प्रकारच बदलून टाकतात, आणि म्हणून चाहत्यांच्या पदरी निराशाच पडते. पुरावा म्हणून दर वेळी 'फायनल फँटसी टेन-टू' पुढे ढकलला जातो, आणि त्याच्या मागोमाग 'क्रोनो क्रॉस'.

पैशाचा मुद्दा आधी उरकू. हो, पैशासाठीच काढतात. पहिला भाग काय धर्मादाय काढला होता? 'फायनल फँटसी टेन' जुलै 2001 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला, आणि 'टेन-टू' मार्च 2003 मध्ये. या मालिकेत आधीच्या गेमची गोष्ट थेट पुढे नेणारा हा पहिलाच गेम. तो आला आणि तीन आठवड्यांच्या आत स्क्वेअर कंपनी एनिक्समध्ये विलीन झाली. गेम करणारा चमू आधीच्या एक तृतीयांश होता. पात्रं, राक्षस, ठिकाणं यांतलं बरंच काही जुन्याच डिस्कवरून उचललेलं. टीकाकार इथे टाळी वाजवतात: बघा, उष्टं वाढलं!

पण जुन्या नेपथ्यावर नवं नाटक करण्यात गैर काय? आणि इथे तर नेपथ्य तेच असणं ही गोष्टीचीच गरज होती. सिन नावाच्या राक्षसाचं संकट टळून दोन वर्षं झाल्यावर तीच गावं कशी दिसतात, हाच 'टेन-टू'चा विषय आहे. झानार्कंडचं उदाहरण घ्या. पहिल्या गेममध्ये ते यात्रेचं शेवटचं ठिकाण. तिथे पोचणाऱ्या समनरला, म्हणजे सिनला मारायला निघालेल्या यात्रेकरूला, मरण ठरलेलं, त्यामुळे त्या भग्न शहरात पाऊल टाकताना आपलाही आवाज बसायचा. 'टेन-टू'मध्ये तिथे पर्यटकांची वर्दळ आहे, आणि त्यांना फिरवणारा गाइड कोण, तर इसारू. नायिका युनासारखाच एकेकाळी मरायला निघालेला समनर. पुढे पर्यटकांना हुसकावून लावायला माकडांच्या जोड्या जुळवायच्या, म्हणजे पिल्लं होतील आणि गर्दी पळेल, असलं कामही आपल्याच गळ्यात पडतं. हा पोरकटपणा असल्याची तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. मला मात्र देवस्थानाचं पिकनिक स्पॉट होताना पाहिलेल्या कुणालाही हा प्रसंग कळायला जड जाऊ नये असं वाटतं.

खरी गल्लाभरू वृत्ती कुठे दिसते तेही सांगतो. 2008 साली मोबाइलवर आलेला 'फायनल फँटसी फोर'चा उत्तरभाग, 'द आफ्टर इयर्स'. तुकड्या-तुकड्यांनी विकलेला, आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्यात जुन्याच गुहा पुन्हा तुडवायच्या. तिथेही नेपथ्य जुनंच होतं, पण त्या गुहांबद्दल नवीन काही सांगायचं नव्हतं. तो तुमच्या फसलेल्यांच्या यादीत खुशाल ठेवा.

आता मूळ मंडळी नसण्याबद्दल. 'टेन-टू'बाबत हा आरोप बव्हंशी खोटाच आहे. निर्माता योशिनोरी कितासे, कथालेखक काझुशिगे नोजिमा, पात्रांची रेखाटनं करणारे तेत्सुया नोमुरा हे तिघेही दोन्ही गेममध्ये आहेत. दिग्दर्शक मोतोमू तोरियामा यांनीही 'टेन'वर काम केलं होतं. गेले ते संगीतकार नोबुओ उएमात्सू, आणि ती उणीव मलाही जाणवते. त्यांच्या जागी आलेल्या नोरिको मात्सुएदा आणि ताकाहितो एगुची यांचं संगीत चटपटीत आहे, पण झानार्कंडची पियानोची धून ज्याच्या कानात बसली त्याला ते उपऱ्यासारखं वाटणारच.

'क्रोनो क्रॉस'बाबत हा मुद्दा जास्त वजनदार आहे. तो ज्याचा उत्तरभाग, त्या 1995 च्या 'क्रोनो ट्रिगर'मागे तीन मोठी नावं होती: हिरोनोबू साकागुची, युजी होरी आणि आकिरा तोरियामा. (वरच्या मोतोमूंचा आणि या तोरियामांचा संबंध फक्त आडनावापुरता.) 1999 च्या 'क्रॉस'वर या तिघांपैकी कुणाचीच छाप नाही. पण मूळ मंडळी म्हणजे फक्त वेष्टनावर झळकणारी नावं का? 'ट्रिगर'मधलं ढगांवर तरंगणारं झील राज्य, तिथली राजकन्या शाला, तिचा हरवलेला भाऊ, हा सगळा करुण भाग मासातो कातो यांच्या लेखणीतला. 'क्रॉस'चे दिग्दर्शक आणि लेखक तेच. संगीत पुन्हा यासुनोरी मित्सुदा यांचंच. मधल्या काळात, 1996 साली, सॅटेलाव्ह्यूवर, म्हणजे उपग्रहावरून गेम उतरवून घेणाऱ्या निन्टेंडोच्या जोडयंत्रावर, 'रॅडिकल ड्रीमर्स' नावाचा जवळपास निव्वळ मजकुराचा छोटा गेम आला होता, तोही कातोंचाच. शालाचं पुढे काय झालं हा प्रश्न या माणसाने चार वर्षं उराशी धरला होता. याला भाडोत्री काम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शेवटाची माती केली, हा आरोप मात्र मनापासूनचा आहे, त्यामुळे त्याला सावकाश उत्तर द्यायला हवं.

'टेन'च्या शेवटी नायक टीडस, युनाचा प्रियकर, विरून जातो. युना लूकाच्या मैदानात लोकांसमोर उभी राहते, गेलेल्यांना विसरू नका म्हणते, आणि पडदा पडतो. इतकं नेमकं थांबल्यावर पुढे बोलायची गरज काय? त्यात 'टेन-टू' उघडतो तो पॉप गाण्याच्या जलशाने. झगमगाट, नाच, मुठीत माइक. पहिल्यांदा पाहताना मीही कपाळाला हात लावला होता. (गाणारी युना नाहीच, तिचं रूप घेतलेली दुसरीच बाई आहे, हे नंतर कळतं.)

पण युना कोण होती ते आठवा. सतरा वर्षांची मुलगी. बाप सिनला मारताना मेला, आपणही तसंच मरायचं, हे तिने स्वतः ठरवलेलं. तिच्या हसण्यालाही मुदत होती. मग मरण टळलं. आता एकोणिसाव्या वर्षी उरलेल्या आयुष्याचं करायचं काय? बेसेड बेटावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दर्शन द्यायचं? 'टेन-टू'तली युना ते सोडून निघते, केस आखूड करते, कमरेला पिस्तुलं लावते, वेडेवाकडे कपडे घालते. पहिल्या गेममध्ये कर्तव्याशिवाय जिला काहीच नव्हतं, तिला उशिरा मिळालेलं हे अल्लडपण आहे. सिन गेल्यावर स्पायरा या त्यांच्या जगातही एकी टिकत नाही. जुना धर्म नवं नाव घेतो, तरुणांचा वेगळा गट होतो, आणि दोघांनाही युना आपल्या बाजूला हवी असते. संकट टळल्यावर लोक कसे भांडतात हे दाखवायच्या फंदात जगाला वाचवणारे फार थोडे गेम पडतात.

बरं, टीडस परत आणून मूळ दुःखाची किंमत घालवली, असंही म्हणतात. तो आपोआप परत येत नाही. खेळताना ठरावीक गोष्टी केल्या तरच तो शेवट दिसतो, नाहीतर युना त्याच्याशिवायच पुढे जाते. ज्यांना तो नको, त्यांच्यासाठी दार बंदच आहे. गरम पाण्याच्या कुंडातला प्रसंग, मसाजचा लघुखेळ हे मात्र कुणाच्याही अल्लडपणात बसत नाही. ती सरळ पुरुषी नजरेची सोय आहे, आणि तिचं समर्थन मी करणार नाही.

'क्रॉस'वरचा राग आणखी कडवट. 'ट्रिगर'मधल्या लाडक्या मित्रांच्या वाट्याला त्यात मरण आणि राखरांगोळी येते. दुःख होतंच. पण मृत समुद्राचा तो भाग खेळून बघा. 'ट्रिगर'मध्ये आपण इतिहास बदलून 2300 सालचं उद्ध्वस्त भविष्य पुसून टाकलं आणि आनंद साजरा केला. 'क्रॉस' तिथे गाठून विचारतो: त्या पुसलेल्या काळात जे जगत होते त्यांचं काय? आवडत्या गेमला इतका अवघड प्रश्न विचारायला त्या गेमवर प्रेमच लागतं. पंचेचाळीस सवंगडी घेऊन त्यांतल्या निम्म्यांना धड दोन वाक्यंही न देणं, ही त्याची खरी चूक. ती तक्रार तुम्ही केलीत तर मी तुमच्याच बाजूने बोलेन.

प्रकार बदलतो म्हणून गेम बिघडतो, हा मुद्दा इतिहासासमोर टिकत नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट फोर'मधला टोर्नेको हा पोट सुटलेला व्यापारी. 1993 साली चुनसॉफ्टने त्याला नायक करून वेगळाच गेम काढला. दर वेळी नव्याने रचली जाणारी भुयारं, पोटात भूक, आणि पडलात तर सोबतचं सामान गेलं. त्यातून मिस्टरी डंजन ही अख्खी परंपरा निघाली, पुढे पोकेमॉनही तिच्यात शिरला. 'सैकेन देन्सेत्सू' 1991 साली गेम बॉयवर आला तेव्हा त्याच्या नावातच 'फायनल फँटसी गायदेन' होतं. गायदेन म्हणजे मूळ कथेच्या बाहेरची, बाजूची कथा. आणि आज ज्याच्यासाठी जीव टाकता तो 'पर्सोना'? तो 'मेगामी टेन्सेई'च्या घरातून वेगळा झालेला पोरगा. फांदीला पुरेशी वर्षं झाली की लोक तिलाच झाड म्हणतात, मग फांद्यांवर टीका करायला मोकळे.

'फायनल फँटसी सेव्हन'च्या दोन फांद्या शेजारी ठेवून बघा. 2006 चा 'डर्ज ऑफ सर्बेरस' आणि 2007 चा 'क्रायसिस कोर'. जग तेच, दोघांनीही आळीपाळीची लढाई सोडून धावपळीची घेतली. पहिला बेचव नेमबाजीमुळे पडला. दुसऱ्यात नायक झॅकचा शेवट आपल्याला आधीपासून ठाऊक असतो, तरीही तो येतो तेव्हा कंट्रोलर खाली ठेववत नाही. त्याच्या 30 लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि 2022 मध्ये तो नव्या रूपात पुन्हा आला. दोष प्रकार बदलण्याचा असता तर दोघेही पडले असते.

राहिली निराशा. 'टेन-टू'च्या जगभरात 50 लाखांवर प्रती गेल्या, पण खप म्हणजे प्रेम नव्हे हे मलाही मान्य आहे. मला प्रश्न पडतो तो आपल्याकडच्या निराशेबद्दल. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी 'टेन' आणि 'टेन-टू' एकाच जोडपॅकमध्ये खेळले, एचडी रिमास्टर, म्हणजे चित्रं सुधारून काढलेली आवृत्ती, आल्यावर. त्यांनी त्या शेवटानंतर दोन वर्षं वाट पाहिली नव्हती, मनात स्वतःचा उत्तरभाग रचला नव्हता. तरी तक्रार मात्र 2003 सालच्या अमेरिकन चाहत्याची, शब्दशः. यांतल्या तिघांना मी खोदून विचारलं, तर दोघांनी जलशाच्या पुढे गेम नेलाच नव्हता.

तेव्हा यादीतून 'डर्ज' आणि 'आफ्टर इयर्स' काढायचा आग्रह मी धरत नाही. 'क्रॉस'पुढे प्रश्नचिन्ह ठेवा, चालेल. 'टेन-टू' मात्र आधी झानार्कंडपर्यंत खेळा, इसारूशी दोन शब्द बोला, आणि मग काय ते ठरवा.