तुंबलेली मोरी आणि विल्सनची पोटरी

पिट्सबर्गमध्ये ऑगस्ट महिन्यात प्लंबरला घरी बोलावू नये. बोलावणं अगदी टळत नसेल तर निदान आदल्या शनिवारी स्टीलर्सचा, म्हणजे गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना झालेला नाही, एवढी खात्री करून घ्यावी. आम्हाला ती सोय नव्हती. पाणी वर यायला लागलं होतं, आणि तेही नेमकं नारळी पौर्णिमेला. वर स्वयंपाकघरात नारळीभात, खाली बेसमेंटमध्ये गटार.

आमचं घर शंभरीच्या पुढचं आहे. या गावातल्या तसल्या घरांच्या बेसमेंटमध्ये मधोमध एक कमोड असतो. त्याला भिंत नाही, दार नाही, पडदा नाही. पोलादाच्या कारखान्यातून काळाकुट्ट होऊन आलेला कामगार परस्पर खालीच हातपाय धुऊन, मोकळा होऊन वर यायचा, असं त्याचं कारण सांगतात. आमचे सासरे, म्हणजे नाना, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले तेव्हा त्यांनी तो पाहून एकच प्रश्न विचारला होता, "जावईबापू, याला आडोसा करायचा राहिलाय का?" नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. इथे आल्यावर त्यांना अमेरिकेत सगळ्यात जास्त काय आवडलं, तर अलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या मिळून ओहायो होते ती जागा. दर रविवारी मला तिथे न्यायला लावायचे आणि हरिपूरचा संगम कसा याहून बरा, ते समजावून सांगायचे. स्टीलर्सचं मैदान त्या संगमालाच लागून आहे. तिथे पिवळे-काळे कपडे घातलेले लोक हजारोंनी कशाला जमतात, या चौकशीपासून नानांचं फुटबॉल सुरू झालं.

तर सोमवारी सकाळी प्लंबर आला. माणूस धिप्पाड, दाढी पांढरी, कमरेला हत्यारांचा पट्टा. दर तासावर, आणि तास सुरू होतो त्याची गाडी दारात थांबल्यापासून. मी मनात भागाकार करून ठेवला होता: मिनिटाला साधारण अडीच डॉलर. त्यामुळे मी त्याला "गुड मॉर्निंग"सुद्धा तुटक म्हणालो आणि थेट जिना दाखवला.

जिन्याच्या खाली नाना उभे होते. नुकतीच आंघोळ झालेली, अंगात बनियन, खांद्यावर पिवळा पंचा. तो पंचा म्हणजे शेजारच्या आजींनी त्यांना भेट दिलेला 'टेरिबल टॉवेल' होता. मायरन कोप नावाच्या रेडिओ समालोचकाने १९७५ मध्ये हे पिवळ्या टॉवेलचं खूळ काढलं आणि पुढे त्याचे हक्क अपंगांसाठी काम करणाऱ्या एका शाळेला देऊन टाकले. इथे तो सामन्यात डोक्यावर गरगर फिरवतात. त्याने अंग पुसणारा माणूस सबंध पेन्सिल्व्हेनियात एकच, आणि तो माझा सासरा. २००८ मध्ये टेनेसी टायटन्सच्या खेळाडूंनी जिंकल्याच्या उन्मादात हा टॉवेल पायाखाली तुडवला. त्यानंतरचे दोन्ही सामने ते हरले आणि त्या मोसमाचा सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, स्टीलर्सनी जिंकला. ही कथा गावातली पोरंसुद्धा सांगतात. नाना त्याच टॉवेलने आता कमोडभोवतीचं पाणी टिपण्याच्या बेतात होते. मी झेप घालून तो त्यांच्या हातून काढला आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर टाकला.

प्लंबरने हे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसा आपल्याकडे माळकरी माणूस दिसल्यावर येतो. त्याने पेटी खाली ठेवली, पट्टा सैल केला आणि नानांना विचारलं, "शनिवारचं पाहिलंत?"

अडीच डॉलर.

शनिवारचं म्हणजे १७ ऑगस्ट २०२४. घरच्या मैदानावर बफेलो बिल्सविरुद्ध ३-९ अशी हार. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात दर डावाला चेंडू येतो, तो कुणाकडे फेकायचा हे जो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि ठरलं नाही तर सव्वाशे किलोची माणसं ज्याच्या अंगावर पडतात, तो. स्टीलर्सकडे बेन रॉथलिसबर्गर २००४ ते २०२१ असा अठरा मोसम होता, तेवढी वर्षं गावात शांतता होती. तो गेला आणि घराघरात वाद शिरला. केनी पिकेट आला, दोन मोसमांत गेला. २०२४ साली एकदम दोघे आणले. एक रसेल विल्सन, वय ३५, सिएटलला एक सुपर बोल जिंकून दिलेला, मग डेन्व्हरने काढून टाकलेला. दुसरा शिकागोहून आलेला जस्टिन फील्ड्स, तरुण आणि हरणासारखा पळणारा. पहिलं नाव विल्सनचं. आणि शनिवारी हा विल्सन पाच वेळा चेंडू घेऊन आला, पाचही वेळा शून्य गुणांनी परत गेला.

यातली मेख अशी की हा सामना मुळात मोजतच नाहीत. मोसमाआधीचे तीन सामने सरावाचे. त्यांचा निकाल कुठल्या तक्त्यात जात नाही. २०१७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्स सरावाचे तेव्हाचे चारही सामने जिंकले आणि खऱ्या मोसमात सोळाच्या सोळा हरले. खुद्द पिकेटने २०२३ च्या सरावात पंधरापैकी तेरा चेंडू अचूक दिले. त्याचं रेटिंग होतं १५८.३, म्हणजे या गणितात त्याच्या पुढे आकडाच नाही. गावाने पेढे वाटायचे बाकी ठेवले. पुढे पहिल्याच खऱ्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोने घरात येऊन ३०-७ ने धुतलं. हे सगळं प्लंबरनेच मला सांगितलं. "सरावाला काडीची किंमत नाही," असं तो तीनदा म्हणाला, आणि त्या काडीच्या किमतीवर पुढची वीस मिनिटं बोलला. पन्नास डॉलर.

प्लंबर विल्सनचा माणूस होता. त्याचं म्हणणं, मोसम सुरू व्हायच्या आधी फिटनेस चाचणीत लोखंडी घसरगाडी ढकलताना विल्सनची पोटरी दुखावली, पहिला सराव सामना त्याला बसून काढावा लागला, त्याला हातपाय मोकळे करायला वेळ तरी द्या. आणि स्वस्तात किती मिळालाय पाहा! डेन्व्हरने करार मोडला, पण त्या वर्षाचे कोट्यवधी डॉलर त्यांनाच द्यायचे आहेत. पिट्सबर्ग देतंय फक्त किमान पगार, बारा लाख दहा हजार.

नाना एकदम खुलले. "म्हणजे डेप्युटेशन!" ते मला म्हणाले. "काम इथे, पगार मूळ खात्यातून. आमच्याकडे अशा माणसाला कुणी बोलायचं नाही. फुकट मिळालेला कारकून शिंकला तरी साहेब रुमाल द्यायचे." मी हे प्लंबरला भाषांतर करून सांगणार नव्हतो, कारण भाषांतराची मिनिटंही माझ्याच खात्यावर पडत होती. पण नानांनी स्वतःच फायलीतल्या इंग्रजीत सुरुवात केली, "सर, आय बेग टु स्टेट..."

एवढ्यात शेजारच्या आजी आल्या. ऐंशीच्या घरातल्या, निवृत्त शिक्षिका, त्यांना फक्त विचारायचं होतं की त्यांच्याकडेही पाणी येईल का. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांच्या कानावर "विल्सन" पडलं आणि पाणी त्यांच्या मनातून साफ उतरलं. आजी कट्टर फील्ड्सच्या. विल्सन संपला, असं त्यांनी पायरीवरूनच जाहीर केलं.

"दहापैकी आठ चेंडू बरोबर दिलेत," प्लंबर म्हणाला.

"ऐंशी टक्के. डिस्टिंक्शन," नाना म्हणाले.

"आठ चेंडू आणि यार्ड किती? ४७!" आजींनी बोट नाचवलं. "एवढं तर मी या गुडघ्यांनी चालून जाईन."

प्लंबर म्हणाला की फील्ड्सने आधीच्या ह्यूस्टनच्या सामन्यात हातात आलेला चेंडू दोनदा सांडला. आजी म्हणाल्या, ती चूक चेंडू देणाऱ्याची. मग त्यांनी १९७४ काढलं. त्या साली मोसमाची सुरुवात जो गिलियमने केली होती. सहा सामन्यांत चार जिंकले, एक बरोबरीत सुटला, आणि तरी त्याला बसवून टेरी ब्रॅडशॉला आणलं. "आणि त्याच मोसमात आपण पहिला सुपर बोल जिंकलो!" आजी विजयाने म्हणाल्या. हा दाखला फील्ड्सच्या बाजूचा होता की विरुद्ध, हे मला अजून उमगलेलं नाही. प्लंबरलाही उमगलं नसावं, कारण तो कमोडच्या काठावर बसून विचारात पडला. विचाराचेही पैसे लागतात. माझ्या पोटात खड्डा पडला.

"वीस मिनिटांचं काम आहे ना ते?" मी पाइपाकडे बोट दाखवून शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"तुझं काय म्हणणं?" प्लंबरने विचारलं. त्याच्या हातात भला मोठा पाना होता.

"सरावाचा सामना आहे," मी म्हणालो. "इतकं काय त्यात?"

आजींनी नजर फिरवली. प्लंबर खाली बघू लागला. या गावात विल्सनचा पक्ष घेता येतो, फील्ड्सचा घेता येतो, फारच झालं तर दोघांनाही हाकलून द्या म्हणता येतं. पण मत नसणं म्हणजे मयताला जाऊन जेवण कधी आहे विचारण्यापैकी. नानांनीच मला सांभाळून घेतलं. "ही इज फ्रॉम सॉफ्टवेअर," ते म्हणाले. दोघांनी समजूतदारपणे मान हलवली.

मग नाना बोलले. शनिवारी त्यांनी सगळा सामना चष्मा पुसत, मांडीवर वही घेऊन पाहिला होता. आयुष्यभर एम.बी. लिहिलेला माणूस, डोळ्यांसमोर काही घडलं की मोजमाप पुस्तिकेत नोंद केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांचं म्हणणं असं: विल्सन तीनदा चेंडूसकट आडवा झाला. चेंडू हातात आल्यापासून आडवा होईपर्यंत त्यांनी मनात आकडे म्हटले. तीनच्या पुढे आकडा गेलाच नाही. उजव्या बाजूला अडवायला उभा असलेला ब्रॉडरिक जोन्स आणि समोर बफेलोचा ग्रेग रूसो. रूसो सारखा त्याला चुकवून आत येतोय. "पळणारा असो की फेकणारा असो, उभं राहायला मिळालं तर काही करेल ना? तुम्ही दोघं भलत्याच माणसाची खातेनिहाय चौकशी लावलीय."

बेसमेंटमध्ये शांतता पसरली. प्लंबर उठला, त्याने नानांचा हात हातात घेतला आणि म्हणाला की हे वाक्य गेले दोन दिवस तो रेडिओवर कुणाच्या तोंडून ऐकायला बसला होता. आजींनाही पटलं, फक्त त्यांनी त्यातून फील्ड्स काढला: भिंत गळकी असेल तर पळणाराच हवा! म्हणजे झालं, वाद पहिल्यापासून सुरू. वरून बायको नारळीभाताच्या वाट्या घेऊन आली. मला वाटलं, ही तरी विषय बदलेल. तिने वाट्या दिल्या आणि विचारलं, "पण टॉमलिननं अजून नाव का नाही जाहीर केलं?"

माइक टॉमलिन म्हणजे तेव्हाचा प्रशिक्षक, २००७ पासून एकही मोसम तोट्यात न काढलेला. त्याच्यावर पंधरा मिनिटं. भात खाण्याची मिनिटं वेगळी.

पाइपाचं काम शेवटी झालं. जुनी मातीची गटारनळी, सांध्यातून मेपलची मुळं आत शिरलेली. प्लंबरने लांबलचक स्प्रिंग आत सोडली, घरघर केली, आणि पाणी ओशाळून निघून गेलं. हे सगळं चालू असतानाही तो विल्सनबद्दलच बोलत होता, पण मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, म्हणून संपल्यावर त्याने पुन्हा सांगितलं.

बिल आलं तेव्हा माझा आवाज फुटेना. नानांनी वही उघडली. त्यात आत येण्यापासून नोंदी होत्या: नळी, पस्तीस मिनिटं. विल्सन, पंचेचाळीस. फील्ड्स, तीस. टॉमलिन, पंधरा. भात, दहा. कॉलम आखलेले, खाली सही. त्यांनी ती वही प्लंबरसमोर धरली आणि म्हणाले, "फॉर युवर काइंड परुसल." प्लंबरने एकेक ओळ बोटाने वाचली. दाढी खाजवली. मग फार न्यायबुद्धीने म्हणाला की फील्ड्सवर गेलेला वेळ खरोखरच वाया गेला, तो तो वजा करतो. विल्सनचा मात्र कामातच धरावा लागेल.

आजी त्याच्याशी दारापर्यंत भांडत गेल्या.

पुढे काय झालं? ऑगस्ट संपण्याआधी टॉमलिनने विल्सनचं नाव जाहीर केलं. प्लंबरने त्या संध्याकाळी नानांना फोन केला. सप्टेंबरात, पहिल्या सामन्याच्या तोंडावर, विल्सनची पोटरी पुन्हा धरली आणि उतरला फील्ड्स. तो सामना स्टीलर्स अटलांटात १८-१० ने जिंकले, आणि अठराच्या अठरा गुण क्रिस बॉसवेलने सहा वेळा चेंडू लाथाडून मिळवले. माझ्या बेसमेंटमध्ये या माणसाचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात डेन्व्हरला १३-६ ने हरवलं. डेन्व्हर त्या दिवशी समोरच्या संघातल्या दुखऱ्या पोटरीचाही पगार भरत होतं. फील्ड्सने सहापैकी चार जिंकले, तरी ऑक्टोबरात त्याला बसवून विल्सनला आणलं, अगदी १९७४ सारखं. आजी माझ्याशी बोलेनाशा झाल्या, जणू मीच बसवलं. विल्सनने पहिल्या सातांतले सहा जिंकले, तेव्हा प्लंबर सांगलीला व्हिडिओ कॉल लावून नाचला. मग ओळीने चार हरले, आणि जानेवारीत बाल्टिमोरने २८-१४ ने बाहेर काढलं, तेव्हा त्याने आठवडाभर फोन उचलला नाही. मार्चमध्ये विल्सन आणि फील्ड्स दोघेही न्यूयॉर्कच्या दोन वेगवेगळ्या संघांत गेले.

२०२५ च्या जूनमध्ये त्यांच्या जागी ॲरन रॉजर्स आला. ऑगस्टमधल्या सरावाच्या तिन्ही सामन्यांत तो मैदानात उतरलाच नाही. न खेळलेल्या माणसाचं काय चुकलं यावर गावात महिनाभर चर्चा झाली. सगळं सविस्तर कळवावं, असा सांगलीहून नानांचा आदेश होता, म्हणून मी कळवलं. त्यांना बाकी कशाचं काही वाटलं नाही. त्यांनी फक्त रॉजर्सचं वय विचारलं. मी सांगितलं, एक्केचाळीस.

"नवीन भरती? एक्केचाळिसाव्या वर्षी?" नानांचा आवाज चढला. "आणि मी कालवा पाठ असलेला माणूस, तर मला अठ्ठावन्न पूर्ण झाल्याच्या महिनाअखेरीस नारळ देऊन घरी बसवलं! त्या टॉमलिनचा पत्ता आहे का तुमच्याकडे? आय बेग टु स्टेट म्हणून एक अर्ज टाकून ठेवतो."