फेब्रुवारीचे तीनशे रुपये

परवा आमच्या कोथरूडच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय सिक्युरिटी एजन्सी बदलण्याचा. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "या देशात टॅक्स भरतो कोण? आपणच!" आणि त्याच दमात त्यांनी नवी एजन्सी सुचवली, वॉचमनमागे महिना दोन हजारांनी स्वस्त. एजन्सी ते स्वतःच्या खिशातून थोडीच घालणार!

मी खजिनदार. वॉचमनकाकांनी एकदा पगाराची स्लिप समजावून घ्यायला माझ्याकडे आणली होती. बारा तासांची ड्यूटी, व्यवसाय कर महिना 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. माझ्या स्लिपवरही तेवढाच आकडा, त्या गृहस्थांच्याही. कमाल मर्यादाच 2500 आहे, 1988 पासून. हा कर महाराष्ट्राने 1975 साली आणला तो रोजगार हमीसाठी: शहरातल्या पगारदाराने द्यायचा, खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळायचं. काका बीडकडचे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला जायची. आता काका तो कर भरतात. शिवाय मोबाइल रिचार्जवर 18 टक्के जीएसटी, माझ्याइतकाच.

पण माझं भांडण कराशी नाहीच. विषमता म्हटली की आपण थेट कराच्या दरावर येतो. मीही समजत होतो की युरोपात कर जबर, म्हणून तिथे दरी कमी. 2022 साली ब्लांशे, शांसेल आणि गेथिन या अर्थशास्त्रज्ञांनी युरोप-अमेरिकेची तुलना प्रसिद्ध केली, त्यात निघालं भलतंच. राष्ट्रीय उत्पन्नातला जेवढा वाटा अमेरिका खालच्या थराकडे वळवते, तेवढा युरोपातला एकही देश वळवत नाही. तरी युरोपात विषमता कमी, कारण कर कापायच्या आधीच तिथे कमाईत एवढं अंतर नसतं. डेन्मार्कमध्ये पावावरसुद्धा 25 टक्के व्हॅट, गरिबालाही. किमान वेतनाचा कायदाच नाही. युनियन आणि मालक समोरासमोर बसून पगार ठरवतात. (आयर्लंडचं उलटं आहे. तिथे मूळ कमाईत प्रचंड तफावत, आणि सरकार कर-भत्त्यांनी ती बरीच बुजवतं. तेव्हा 'कर निरुपयोगी' हे वाक्य माझ्या नावावर खपवू नका.)

आमच्याकडे पगार ठरवायला समोरासमोर बसलो होतो आम्हीच आम्ही. काका खाली गेटवर.

ठराव 31 विरुद्ध 9 मतांनी पास. चार वॉचमन, 48 फ्लॅट: घरटी महिना 167 रुपये वाचणार. व्यवसाय करापेक्षाही कमी. नव्या एजन्सीच्या चेकवर सही माझीच लागणार आहे.