सालईचा डिंक आणि गुडघ्याची सूज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सालई या झाडाच्या डिंकावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. बशीतल्या पेशींवर जे दिसले तेच माणसाच्या गुडघ्यात घडते असे मी परस्पर गृहीत धरले, हा पहिला. आणि लेख वाचून आपल्या वडिलांनी गुडघ्याच्या गोळ्या सोडून सालईचा काढा सुरू केला, हा दुसरा. पहिला मला बव्हंशी मान्य आहे.

डिंकातील बॉस्वेलिक आम्ले न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधील ५-लिपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) रोखतात, असे मी लिहिले होते. या विकरामुळे ल्युकोट्राइन ही सूज वाढवणारी रसायने बनतात आणि त्यांपैकी बी-४ हे आणखी न्यूट्रोफिलना सुजलेल्या जागी ओढून आणते. उंदरांच्या पेशींवर १९९२ मध्ये झालेला तो प्रयोग खराच आहे. मात्र त्या पेशी शरीरातून वेगळ्या काढून स्वच्छ द्रावणात ठेवलेल्या होत्या, हे मी सांगितले नाही. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन असते आणि धोतराला कुसळे चिकटावीत तशी ही आम्ले त्याला चिकटतात. त्यामुळे पुढे संपूर्ण रक्तावर केलेल्या प्रयोगांत हा परिणाम दिसला नाही. ‘न्यूट्रोफिलमधील ल्युकोट्राइन थांबल्याने सूज उतरते’ हे माझे वाक्य म्हणून चुकीचे होते आणि ते मी आज बदलले आहे.

तरीही सालई निरुपयोगी ठरते, हा आपला निष्कर्ष मला पटत नाही. याच आम्लांचा सुजेशी संबंधित कॅथेप्सिन-जी हे विकर आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे वेदना-सूज वाढवणारे रसायन तयार करणारे विकर यांवरही परिणाम होतो, असे नंतर आढळले आहे. शिवाय आपल्या नागपुरातच गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर एक चाचणी झाली. आठ आठवडे एका गटाला अर्क, दुसऱ्याला खोटे औषध, मग अदलाबदल अशी ती होती आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्क घेताना वेदना घटल्या, गुडघा अधिक वाकू लागला, सूज येण्याचे प्रमाणही कमी झाले; एक्स-रेमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. रुग्णसंख्या लहान आहे, हे मीही विसरत नाही.

आता काढ्याविषयी. त्या रुग्णांना अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, काढा नव्हे. परतवाड्याच्या बाजारातून आणलेला, सालपटे मिसळलेला पिवळट डिंक मी स्वतः उकळून पाहिला. पाणी दुधाळ झाले, पण तळाशी जो तपकिरी चिकट थर बसला तो घासणीने निघेना, शेवटी तेल चोळावे लागले. (ते पातेले घरात पुन्हा चुलीवर चढले नाही.) बॉस्वेलिक आम्ले पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे त्यांचा बराचसा भाग त्या थरातच राहत असणार. हे मूळ लेखात यायला हवे होते.

वडिलांच्या कोणत्या गोळ्या बंद झाल्या, हे आपण लिहिलेले नाही. त्या केवळ वेदनाशामक असतील तर डॉक्टरांशी सावकाश बोलता येईल. परंतु आमवातासाठी चालू असलेले मेथोट्रेक्झेट हे औषध बंद केले असेल तर दुखणे कमी वाटले तरी सांधा आतून झिजत राहतो, तेव्हा पाकीट घेऊन उद्याच डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन घेत असतील तर सालईबरोबर त्याचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून डिंक चालू असल्याचेही डॉक्टरांना न लपवता सांगावे.